गिलफेडरचे तीस अंश

गिलफेडरचा चुलींचा कारखाना शुक्रवारी बंद व्हायचा होता आणि शनिवारी गावच्या हॉलमध्ये निरोपाचा चहा होता. त्याच्या बरोबर पंधरा दिवस आधी मालक रॉस गिलफेडरला सुचलं, की कंपनीचा इतिहास लिहून काढायला हवा. चौसष्ट वर्षं कुणाला सुचलं नव्हतं. पण वरातीमागून घोडं आणणं ही गिलफेडर घराण्याची जुनी सवय आहे, त्यामुळे आमच्या गोर गावात कुणाला आश्चर्य वाटलं नाही.

"मिस टुलक, तुम्हीच लिहा," रॉस म्हणाला. "तुमच्याइतकं जुनं आता दुसरं कोण उरलंय?"

"अंगणातली ती पहिली बिडाची चूल उरली आहे की. तिला विचार."

"ती बोलत नाही हो."

"म्हणून तर टिकली," मोराग म्हणाली, आणि हो म्हणून बसली.

मोराग टुलक अठ्ठावन्न वर्षांची. त्यातली तेहेतीस वर्षं गिलफेडरमध्ये, चाचणी विभागाची प्रमुख म्हणून. त्या विभागात ती एकटीच, त्यामुळे हुकूम सोडायला आणि पाळायला तीच. बारा चुलींचा एक घाणा तयार झाला, की त्यातली एक चूल मोराग निवडायची, तारेला जोडायची आणि तिच्यात स्कोन, म्हणजे चहाबरोबर खायचे छोटे गोल पाव, भाजायची. ते स्कोन दहाच्या चहाला फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या शेडमध्ये, जात. फाउंड्रीतली माणसं लोणी फासून खात आणि निकाल देत. "आज डावीकडचे जरा गोरे राहिलेत, मिस टुलक," असं कुणी म्हणालं, तर ती चूल परत जाई. मोठ्या शहरांतल्या कारखान्यांत यासाठी म्हणे यंत्रं असतात. आमच्याकडे ओतारी होते, आणि त्यांच्या जिभेवर सगळ्यांचा विश्वास होता.

शिवाय हिरवं पुस्तक मोरागचंच. प्रत्येक चुलीबरोबर फुकट मिळणारं, हिरव्या पुठ्ठ्याचं, 'गिलफेडर पाककृती, संकलन: मिस एम. टुलक'. आमच्या भागात घरातलं बायबल हरवलं तर कुणी फार बोलत नाही. हिरवं पुस्तक हरवलं तर सासू चार गावांत सांगते. इन्व्हरकार्गिलपासून थेट डोंगराखालच्या मेंढपाळांच्या घरांपर्यंत मोरागला तोंडानं ओळखणारे थोडे होते, पण तिच्या आकड्यांवर रविवारचा केक टाकणारे हजारो. एवढा मान पाद्र्यालाही नव्हता.

इतिहास टाइप कुणी करायचा, हा प्रश्न पडलाच नाही. मोरागच्या शेजारी, कुंपणापलीकडे फेम्के पॅटन राहायची. तिनं काउंटीच्या कचेरीत बावीस वर्षं टायपिस्टचं काम केलं होतं आणि निवृत्त होताना तिथलं जुनं मशीन घरी आणलं होतं. मोरागनं हातानं लिहायचं, सकाळी कुंपणावरून पानं द्यायची, फेम्केनं टाइप करून संध्याकाळी परत करायची, असं ठरलं.

पहिली सहा पानं झरझर झाली. हेक्टर गिलफेडर, म्हणजे रॉसचे वडील, नांगरांचे फाळ सांधणारा लोहार. मातौरा नदीत सोनं उपसणारं एक जुनं यंत्र मोडीत निघालं, ते त्यानं विकत घेतलं आणि त्याच्या लोखंडातून १९२४ साली पहिली कोळशाची चूल ओतली. तिच्या दारावर ओतलेला, उडी मारणारा ट्राउट मासा. तो मासा इतका बेढब झाला होता, की लोक त्याला मेंढी समजत. पण चूल मात्र अशी, की रात्री कोळसा दाबून ठेवला तर सकाळी पाणी कढत मिळे. मग मंदीची वर्षं, मग युद्धात सैनिकांच्या भटारखान्याच्या चुली, आणि १९५३ साली पहिली विजेची चूल, पांढऱ्या इनॅमलची. नाव 'होकोनुई'. सगळं मोरागनं लिहिलं, फेम्केनं टाइप केलं. जाता जाता शेरेही मारले.

"मेंढीचं लिहिलंस ते रॉसला आवडेल का?"

"न आवडायला काय झालं? खरं आहे."

"खरं आहे म्हणूनच विचारते," फेम्के हसून म्हणाली.

बुधवारी सकाळी मोरागनं पानं दिली, ती आठपासून पुढची. सत्तरच्या सुमारास फॅरनहाइट जाऊन सेल्सिअस आलं ते, एकशे साठ कामगारांची सहल, नंतर परदेशी मालाचे परवाने खुले झाले त्याची कथा, ऑकलंडच्या मोठ्या कंपनीनं 'गिलफेडर' हे नाव विकत घेतलं आणि कारखाना नको म्हणाली त्याची कथा. संध्याकाळी फेम्के कुंपणाशी आली.

"सातवं पान कुठं आहे गं?"

"आहे. द्यायचं राहिलं."

"मग दे. शनिवार परवा-तेरवावर आलाय."

"देते," मोराग म्हणाली, आणि घरात गेली.

सातवं पान लिहिलेलं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पावाच्या डब्याखाली तीन दिवस पडून होतं. त्यात १९५५ आणि ५६ ही दोन सालं होती. रॉसच्या हातात तेच पान द्यायला मोरागला काही वाटलं नसतं. हेक्टर जाऊन बारा वर्षं झाली होती, कारखाना तर बंदच होत होता. कुणाचं काय बिघडणार? पण ते पान आधी फेम्केच्या मशीनवरून जाणार होतं. हे सुरुवातीला, टायपिंगचं ठरवताना, तिच्या लक्षात आलं नव्हतं, असं ती स्वतःला सांगत होती. ते काही खरं नव्हतं.

घडलं होतं असं. १९५५ साली मोराग गृहशास्त्र शिकून नवीन लागली, तेव्हा तिचं पहिलं काम होतं ओव्हनच्या तबकडीवरचे आकडे ठरवणं. बटण कुठं फिरवलं म्हणजे आत किती उष्णता, ते मोजायचं आणि तिथं आकडा छापायचा. मोरागनं थर्मामीटर एका हुकाला अडकवून ओव्हनच्या दाराशी टांगला. दार बोटभर उघडलं की वाचता येई. पाठ वाकवायला नको. चोवीस वर्षांच्या पोरीला एवढा शहाणपणा पुरेसा वाटला. तबकड्या छापून आल्या, चुली घरोघर गेल्या. पुढच्या हिवाळ्यात तो हूक तुटला म्हणून तिनं थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवला, आणि तीनदा वाचला. दाराशी साडेतीनशे फॅरनहाइट असतं तेव्हा मध्ये, जिथे केक असतो तिथे, तीनशे ऐंशी होतं. गिलफेडरची प्रत्येक चूल सांगत होती त्यापेक्षा तीस अंश जास्त तापत होती.

ती हेक्टरकडे गेली. राजीनामा लिहूनच गेली.

"किती चुली गेल्यात?" हेक्टरनं विचारलं.

"सहाशे अकरा."

"तक्रारी?"

"एकही नाही."

"मग चूक कुठं आहे, पोरी?"

म्हातारा काही चुकीचं बोलत नव्हता. आमच्याकडच्या बायका कोळशाच्या चुलीवर वाढलेल्या. त्या ओव्हनमध्ये हात घालत, आकडे मोजत, आणि किती आकड्यांना हात बाहेर काढावासा वाटतो त्यावरून स्कोन की केक ते ठरवत. त्यांना साडेतीनशे म्हणजे काय आणि तीनशे वीस म्हणजे काय, दोन्ही सारखंच नवं होतं.

"आता तबकडी बदलली तर सहाशे अकरा घरी जाऊन सांगावं लागेल, की गिलफेडरला गरम-गार कळत नाही," हेक्टर म्हणाला. "तुझं ते पुस्तक छापायचं आहे ना अजून? मग पुस्तकच चुलीला जुळवून घे. आणि ही गोष्ट तुझ्यामाझ्यात. बाहेर गेली तर पन्नास माणसांच्या पोटावर पाय येईल."

मोरागनं पुस्तकातला प्रत्येक आकडा तीस अंशांनी उतरवला. चूल खोटी, पुस्तकही खोटं, आणि दोन खोट्यांतून केक मात्र खरा निघाला. गोरच्या प्रदर्शनात गिलफेडरवर भाजलेल्या केकांना ओळीनं बक्षिसं मिळू लागली. पुढे सेल्सिअस आलं तेव्हा सुधारायची संधी होती, पण तोवर चुली झाल्या होत्या अकरा हजार, आणि जुनी चूल गेली की बाई नवी गिलफेडरच घ्यायची, अगदी तशीच तापणारी. मोरागनं हिशोब करून चूकसुद्धा मेट्रिक केली.

हे सगळं सातव्या पानात होतं. गुरुवारी सकाळी तिनं ते पान उचललं, घडी घातली, उलगडली आणि फाटकातून पलीकडे गेली. कुंपणावरून दिलं असतं, तर लगेच घरात पळून जायचा मोह झाला असता.

फेम्के मशीनपाशीच होती. "आलं का एकदाचं!" म्हणत तिनं पान घेतलं, शेजारी टेकवलं आणि टाइप करायला लागली. टायपिस्ट लोकांची ही गंमत असते. शब्द डोळ्यांतून बोटांत जातात, मध्ये डोकं लागत नाही. मोराग खुर्चीच्या कडेला बसली. अर्धं पान झालं. तीस अंशांचं वाक्य आलं आणि गेलं. सहाशे अकरा चुली गेल्या. मग फेम्केची बोटं हळू झाली आणि थांबली. तिनं मशीनवरचा कागद वर ओढून पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"तीस," ती म्हणाली.

"हो."

"फॅरनहाइट."

"हो."

फेम्के समुद्रापलीकडच्या ग्रोनिंगन शहराची. बेकरीवाल्याची मुलगी. १९५८ साली लिंड्सी पॅटनशी लग्न करून आली, तेव्हा सामानात वडिलांच्या हातची एक वही होती. पहिले चार महिने ती सासूच्या कोळशाच्या चुलीवर भाजायची. त्या चार महिन्यांतच हॉलमध्ये एक कार्यक्रम झाला. आमच्याकडे रीत अशी, की पुरुषांनी तिकीट काढायचं आणि बायकांनी एकेक ताटली भरून न्यायची. फेम्केनं वडिलांचा लोण्याचा केक नेला होता. तो पहिल्या भाषणाआधीच संपला. लोकांनी चुरासुद्धा बोटानं टिपला. शेजारी मोरागचा स्पंज केक होता. त्याच्या दोन फोडी शेवटपर्यंत उरल्या, आणि त्या मोराग स्वतः घरी घेऊन गेली.

मग लिंड्सीनं हौसेनं नवी कोरी होकोनुई आणली. फेम्केनं वहीतले आकडे सेल्सिअसमधून फॅरनहाइटमध्ये नीट बदलून घेतले, तीन-तीनदा तपासले, आणि केक वरून काळा, आत कच्चा. पुन्हा केला, पुन्हा तेच. "नाचता येईना अंगण वाकडं," सासू म्हणाली. म्हण काही नवी नव्हती, फक्त या खेपेला अंगण खरोखर वाकडं होतं. फेम्केनं हिरव्या पुस्तकातले स्कोन करून पाहिले. ते सुरेख झाले. म्हणजे चुलीत दोष नाही. मग दोष कुणात, ते सांगायला नको.

"मी तुला विचारलं होतं," फेम्के म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुझ्याच दारात उभं राहून. हा आकडा खरा आहे ना, म्हणून."

"आठवतं."

"काय म्हणालीस ते आठवतं?"

"आकडा खराच आहे, म्हणाले."

"आणि पुढे?"

मोरागनं मान खाली घातली. "सगळ्यांच्याच हाताला ते जमत नाही, म्हणाले."

"त्या वेळी तुला माहीत होतं."

"त्याच्या आधी दोन वर्षांपासून माहीत होतं."

फेम्के उठली. मोरागला वाटलं, आता दार दाखवेल. दाखवलं असतं तरी बरं वाटलं असतं. पण तिनं किटली ठेवली, आणि ठेवून ती चालू करायलाच विसरली.

"तीस वर्षं मी हॉलमध्ये जाते," ती म्हणाली, "आणि कोट काढला की सरळ मागे जाते, कपबशा धुवायला. सगळ्या म्हणतात, फेम्के किती कामसू. मला काय कपबशा धुवायची हौस आहे होय गं? पुढे टेबलापाशी उभं राहिलं, की कुणीतरी विचारायचं, तुझी ताटली कुठली?"

"फेम्के..."

"थांब. बाबा दर पत्रात विचारायचे, तिकडे काय काय भाजतेस? तिकडचं लोणी कसं आहे? मी लिहायचे, भाजते, सगळं भाजते. मग खोटं लिहवेना. सहासष्ट साली लिहिलं, की बाबा, मला जमत नाही, तुमची विद्या माझ्या हातात उतरली नाही. त्यांचं उलट पत्र आलं. मी शिकवायला कमी पडलो असेन, तू वाईट वाटून घेऊ नकोस." तिनं ओट्याची कड धरली. "तेच शेवटचं पत्र."

मोरागला रडू आलं नाही. लाज इतकी होती, की रडण्यालाही तोंड नव्हतं. बाहेर कुणाचा तरी कुत्रा मेंढ्यांच्या ट्रकमागे भुंकत गेला.

"हेक्टरला शब्द दिला होता," ती म्हणाली. "माणसांच्या नोकऱ्या होत्या."

"ते तू पानात लिहिलंयस. वाचलं मी." फेम्के आता तिच्याकडे वळली. "मोराग, मी काही वर्तमानपत्र नव्हते. तू कुंपणावरून एवढंच म्हणायचंस, की फेम्के, जरा कमी तापवून बघ. कारण नसतं सांगितलंस तरी चाललं असतं. त्यानं कुणाची नोकरी गेली असती? मला कारखान्याचं नको सांगूस. तुझं सांग."

हे पानात नव्हतं. सातव्या काय, कुठल्याच पानात नव्हतं. मोरागनं तीस वर्षांत ते मनातल्या मनातही पुरतं म्हटलेलं नव्हतं. म्हणायला गेलं की हेक्टरचा शब्द मध्ये यायचा, आणि तो किती सोयीचा होता!

"तुझा केक संपला होता," ती म्हणाली. "माझ्या दोन फोडी उरल्या होत्या."

फेम्केनं ओट्याची कड सोडली.

"सगळा भाग माझ्या पुस्तकावर चालायचा. आणि तू आलीस, आणि एका संध्याकाळी, सासूच्या त्या धुरकट चुलीवर... मला कळलं गं. त्याच दिवशी कळलं. मग तुझा पहिला केक जळाला, तेव्हा मी मनात म्हटलं, एक आठवडा जाऊ दे, मग सांगू. एक आठवडा मला बरं वाटलं. नंतर तू विचारायला आलीस, तेव्हा सांगायचं तर आठवडाभर का गप्प बसले ते सांगावं लागलं असतं. मग महिना झाला. मग वर्ष. तू भाजणं सोडलंस, कचेरीत लागलीस, आपण मैत्रिणी झालो. मैत्रिणीला कसं सांगायचं?"

"शत्रूला सांगतात वाटतं?" फेम्के म्हणाली, आणि खुर्चीवर बसली.

मोराग उठायला लागली तेव्हा फेम्केनं हातानंच तिला बसवलं. तिनं मशीनमधलं अर्धं पान पुरं केलं, शेवटच्या ओळीपर्यंत, एकही चूक न करता. मग कागद काढला नाही. खाली चार बोटं जागा होती.

"बोल," ती म्हणाली.

"काय?"

"इतिहास लिहितेस ना? मग पुरा लिही. आत्ता जे म्हणालीस ते, पण थोडक्यात. जागा कमी आहे."

मोरागनं घसा साफ केला. तेहेतीस वर्षं ती वाक्यं लिहीत आली होती. मैदा चाळून घ्यावा, लोणी फेटावं. ही दोन वाक्यं जुळवायला तिला तेवढाच वेळ लागला असता, पण फेम्केची बोटं मशीनवर थांबलेली होती.

"फेम्के पॅटनचा हात माझ्यापेक्षा चांगला होता," ती म्हणाली. "म्हणून मी तिला सांगितलं नाही."

पहिलं वाक्य फेम्केनं टाइप केलं. एकेक अक्षर, शिकाऊ मुलीसारखं. मग पूर्णविराम दिला आणि हात मांडीवर घेतले.

"दुसरं?" मोरागनं विचारलं.

"दुसरं नको. ते मला कळलं, तेवढं बास. हॉलला कशाला?" तिनं कागद मशीनमधून ओढून काढला, पण मोरागच्या हातात दिला नाही, स्वतःच्या समोर धरून ती शेवटची ओळ वाचत राहिली. ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण शब्द इंग्रजी नव्हते एवढं मोरागला दिसत होतं. ती ते वाक्य तिच्या वडिलांच्या भाषेत म्हणत होती.

मग तिनं पान टेबलावर ठेवलं.

"माफ केलं का, ते विचारू नकोस," ती म्हणाली. "मलाच अजून माहीत नाही. पण शनिवारी हे तू वाचायचंस, रॉसनं नाही. आणि माझं नाव आलं की थांबायचं, लोक माझ्याकडे वळून बघेपर्यंत."